सीआयडीपी : नसांच्या या दुर्मीळ आजाराची लक्षणं आणि त्यांच्यासह रोजचं जगणं

रानवाट

सीआयडीपी, म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलीन्यूरोपॅथी. मला हा आजार होऊन काही वर्षं झाली. निदान झालं तेव्हा याबद्दल मराठीत मला फार थोडं वाचायला मिळालं, म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. जे लिहितेय ते पेशंट म्हणून भोगलेलं, माझ्या न्यूरोलॉजिस्टनी समजावलेलं आणि नंतर वाचून पक्कं केलेलं आहे.

ज्यांचं निदान झालंय त्यांनी आपले अनुभव इथे जरूर लिहावेत. पण मला जास्त काळजी वाटते ती निदान न झालेल्यांची. हातापायांत काहीतरी बिघडतंय हे ज्यांना स्वतःला कळतंय, पण तपासणाऱ्याला ते दिसत नाही, त्यांची. या आजारात उशीर महागात पडतो. का, ते सांगते.

आपल्या नसेच्या आत असंख्य तंतू असतात आणि त्यांच्याभोवती मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. सीआयडीपीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावरच हल्ला करते. आवरण झिजलं की मेंदूकडून निघालेला संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो. स्नायू धडधाकट असतो, पण त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. आवरण परत तयार होऊ शकतं, आणि या आजारात आशा ठेवायला जागा आहे ती त्यामुळेच. पण हल्ला फार काळ चालू राहिला तर आतला तंतूही मरायला लागतो. मेलेला तंतू परत वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे हिशोब लक्षात येईल. आणि तो पूर्ण वाढेलच याचीही खात्री नसते. म्हणून आवरणाचं नुकसान होतंय तेवढ्यातच उपचार सुरू झाले पाहिजेत.

आता लक्षणं. सुरुवात बहुतेकदा पायांपासून होते. तळव्यांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, चालताना खाली कापूस असल्यासारखं वाटतं. इतपत तर कितीतरी आजारांत होतं: बी१२ कमी असलं तरी, मधुमेहातही, थायरॉइडमध्येही. सीआयडीपीचा संशय यायला हवा तो पुढच्या गोष्टींवरून.

एक म्हणजे बधिरपणापेक्षा ताकद जाणं ठळक असतं, आणि ताकद फक्त टोकाची जात नाही. पाऊल उचलत नाही आणि मांडीतही जोर राहत नाही. मूठ आवळत नाही आणि खांद्यापासून हात वरही जात नाही. बहुतेक न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचे आजार, पावलांपासून हळूहळू वर सरकतात, मांडी आणि खांदा सहसा लवकर धरत नाहीत. इथे जवळचे आणि लांबचे असे दोन्ही स्नायू एकाच काळात दुबळे होतात, आणि साधारणपणे दोन्ही बाजूंचे सारखेच.

दुसरी गोष्ट काळाची. त्रास ८ आठवड्यांपेक्षा जास्त काळ वाढत राहतो. कधी सलग वाढतो, कधी पायऱ्या उतरल्यासारखा, कधी मध्येच सुधारून परत बिघडतो. गिलँ बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हा याचा झपाट्याने येणारा नातेवाईक. तो ४ आठवड्यांच्या आत टोकाला पोचतो आणि मग थांबतो.

तिसरी गोष्ट, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाय उडत नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. माझी ती कितीतरी उशिरा झाली. तोवर कुणी कमरेच्या मणक्याचं निदान केलं, कुणी ताणाचं. न्यूरोलॉजिस्टनी दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे, दोन्ही कोपर ठोकले आणि कुठूनच प्रतिसाद आला नाही, तेव्हा सगळ्या चौकशीची दिशाच बदलली.

दुखणं हे मुख्य लक्षण नसतं. काहींना दुखतं, पण पुष्कळांना दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून ते स्वतःही मनावर घेत नाहीत, घरचेही घेत नाहीत.

रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं ते सविस्तर लिहिते, कारण ओळख इथेच पटते. चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं. बेसिनवर वाकून डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. अंधारात चालता येत नाही, दिवा लावला की येतं, कारण पावलं कुठे पडतायत हे नसा सांगत नाहीत, ते काम डोळे करत असतात. शर्टाचं बटण लागत नाही. किल्ली फिरवताना चिमटीत जोर येत नाही. जिना चढताना कठडा धरून स्वतःला ओढून घ्यावं लागतं. खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात. केस विंचरताना हात मध्येच खाली येतो. आणि थकवा असा, की झोप काढूनही जात नाही.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं पुढे आहे. डॉक्टरांकडे जाताना "खूप अशक्तपणा आहे" एवढंच सांगू नका. त्यावर रक्ततपासणी आणि टॉनिक मिळतं. कुठलं काम, कधीपर्यंत जमत होतं, आता किती जमतं, हे सांगा. "दोन महिन्यांपूर्वी मी कठडा न धरता जिना चढत होते, मागच्या महिन्यापासून धरावा लागतो, आता धरूनही मध्ये थांबावं लागतं." या एका वाक्यात ताकद, काळ आणि उतरण तिन्ही आली. एका वहीत तारखेसह हे लिहून ठेवा. निदानाच्या वेळी ही वही उपयोगी पडते आणि पुढे औषध लागू पडतंय की नाही हे ठरवतानाही. माझ्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा त्या वहीवर जास्त निर्णय झाले आहेत.

तपासण्यांत मुख्य एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा झटका देऊन संदेशाचा वेग मोजणं. झटके त्रासदायक असतात, पण सहन होतात. हातांच्या नसांत सेकंदाला साधारण ५० मीटर आणि पायांत ४० मीटरच्या वर वेग असतो. आवरण गेलं की तो बराच खाली येतो, आणि काही ठिकाणी संदेश अडतो, त्याला कंडक्शन ब्लॉक म्हणतात. काही वेळा पाठीतलं पाणी काढून तपासतात. त्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी नेहमीइतक्याच असणं हे सीआयडीपीकडे बोट दाखवतं. मात्र मधुमेहातही प्रोटीन वाढू शकतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर निदान करत नाहीत.

उपचारांची पहिली फळी तिघांची: स्टिरॉइड, आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं). आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी शिरेतून देणं. सुरुवातीचा नेहमीचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला २ ग्रॅम, २ ते ५ दिवसांत विभागून. पुढे साधारण दर ३ आठवड्यांनी किलोला १ ग्रॅम, आणि मग ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बदल. मला हेच चालू आहे. आधी काठी घेऊन चालत होते, आता घरात काठी लागत नाही. पावलं अजून बधिर आहेत. ती बहुधा तशीच राहतील, आणि त्यांच्यासह कसं चालायचं हे मी शिकले आहे.

विचारा, लिहा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

शेवंती

वाचनखूण साठवली. चप्पल निसटणं वाचून थबकले. आईचं हेच चाललंय. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

पिंपळपान

ताई, अगदी वेळेवर धागा आला. माझ्या बाबांना १५ वर्षं मधुमेह आहे, वय ६४. पाय बधिर आहेत हे जुनंच, आणि डॉक्टर म्हणतात शुगरमुळे नसा खराब झाल्यात, आता असंच राहणार. पण गेल्या ३-४ महिन्यांत वेगळंच काहीतरी होतंय. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. शुगर तर आता पूर्वीपेक्षा ताब्यात आहे. हेही मधुमेहाचंच असू शकतं का? की मी उगाच घाबरतोय?

रानवाट

पिंपळपान, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. मधुमेहाची नेहमीची न्यूरोपॅथी पावलांच्या बोटांपासून सुरू होते, तिच्यात संवेदना जास्त जातात, आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते. शुगर ताब्यात असताना ३-४ महिन्यांत मांड्या आणि खांदे दोन्ही उतरणं त्या साच्यात नीट बसत नाही. मधुमेहाचा एक प्रकार मांडीच्या नसा धरतो, पण तो बहुधा एका बाजूने, खूप दुखत आणि वजन घटत येतो.

मधुमेह असलेल्यालाही सीआयडीपी होऊ शकतो, आणि मधुमेहाच्या आडोशाला तो झाकलाही जातो. उलटही घडतं, साध्या मधुमेही न्यूरोपॅथीला सीआयडीपी म्हणून महिनोन्महिने आयव्हीआयजी देत बसतात. म्हणून अंदाज न बांधता न्यूरोलॉजिस्टकडून एनसीव्ही करून घ्या. चारही हातापायांची सांगा, फक्त पायांची नको. मधुमेहात पायांच्या नसा आधीच बिघडलेल्या असतात, त्यामुळे हातांचे आकडे जास्त बोलके ठरतात.

दोन गोष्टी बाबांना आजच विचारा. लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का? छातीच्या किंवा पोटाच्या एखाद्या पट्ट्याखाली सगळं बधिर आहे का? दोन्हींपैकी काही असेल तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याला थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तळ्याकाठी

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, म्हणून लिहितो. मला आधी जीबीएसचं निदान झालं. आठवड्याभरात पाय गेले, मग हात. आयव्हीआयजी दिलं, सुधारलो, घरी आलो. सगळे म्हणाले आता हळूहळू भरून येईल. पण काही आठवड्यांनी परत उतरण लागली. परत आयव्हीआयजी, परत सुधारणा, परत उतरण. तेव्हा न्यूरोलॉजिस्ट म्हणाले की हा सुरुवातीला जीबीएससारखा भासणारा सीआयडीपी असावा.

त्यांनी सांगितलेली खूण अशी: जीबीएसनंतर ८ आठवडे उलटून गेल्यावरही बिघाड चालू राहिला, किंवा सुधारून तीन वेळा किंवा त्याहून जास्त वेळा घसरण झाली, तर सीआयडीपीचा विचार करायचा. हा फरक नुसता नावाचा नाही. जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, सीआयडीपीत होतो. जीबीएसला एकदा उपचार करून वाट पाहतात, सीआयडीपीला पुढेही चालू ठेवावे लागतात. जीबीएस होऊन गेलेल्या कुणी हे वाचत असेल आणि "भरून यायला वेळ लागतो" म्हणून घसरण सहन करत असेल, तर कृपा करून परत दाखवा.

आणि ज्यांना आत्ता, दिवसागणिक ताकद जातेय, गिळताना ठसका लागतोय, एका श्वासात वाक्य पूर्ण होत नाही, त्यांनी धागा वाचत बसू नये. जीबीएसमध्ये साधारण चार-पाचांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. सरळ इमर्जन्सीत जा.

उंबरठा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रानवाट यांनी वहीबद्दल लिहिलंय त्याला दुजोरा द्यायला आले. त्या वहीत दोन-तीन मोजमापंही असावीत, कारण "बरं वाटतंय" आणि "ताकद आली" या वेगळ्या गोष्टी आहेत.

घरात १० मीटरचं अंतर आखून घ्या आणि ते नेहमीच्या चालीने चालायला किती सेकंद लागतात ते लिहा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते लिहा. शक्य असेल तर मुठीचा जोर मोजणारं यंत्र, डायनॅमोमीटर, घ्या. मोजमाप नेहमी दिवसाच्या ठराविक वेळी, त्याच खुर्चीवर, तेच बूट घालून करा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, महिनाभराचा कल पाहायचा. आयव्हीआयजी चालू असेल तर दोन डोसांच्या मधला कल फार उपयोगी पडतो. पुढचा डोस जवळ येताना मुठीचा जोर दर वेळी घसरत असेल, तर अंतर कमी करायचं की डोस वाढवायचा हे डॉक्टरांना ठरवता येतं.

व्यायाम करायचा, पण दमछाक होईपर्यंत नाही. माझा साधा नियम: व्यायामानंतरचा थकवा दुसऱ्या दिवशी सकाळीही शिल्लक असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. हलका ताकदीचा व्यायाम, तोलाचा व्यायाम (सुरुवातीला भिंतीजवळ आणि सोबत कुणीतरी असताना), आणि घोट्यामागचा स्नायू ताणणं. हे शेवटचं पुष्कळ जण सोडून देतात. पाऊल उचलणारे स्नायू दुबळे असले की टाच वर ओढली जाते आणि मागचा स्नायू आखडतो. मग नस सुधारली तरी पाऊल पूर्ण टेकत नाही.

पाऊल लोंबकळत असेल तर घोट्याची स्प्लिंट लाजू नका, वापरा. हलक्या प्लास्टिकच्या किंवा कार्बनच्या मिळतात, पँटच्या आत दिसतही नाहीत. काठी आणि स्प्लिंट वापरल्याने स्नायू आळशी होतात ही समजूत मला रोज ऐकावी लागते. खरं म्हणजे न पडता जास्त चालता आलं तर स्नायूंचं काम वाढतंच.

तळवे बधिर असणाऱ्यांनी रोज रात्री तळवे डोळ्यांनी बघावेत, वाकता येत नसेल तर आरसा ठेवून. पाणी गरम आहे का ते पायाने कधीही पाहू नका. हाताची बोटंही बधिर असतील तर कोपराने पाहा. रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा असू द्या.

कोरा_कागद

मी थोडी उलट बाजू मांडतो. मला सीआयडीपी म्हणून आयव्हीआयजी दिलं गेलं, स्टिरॉइडही दिलं. फरक शून्य. वजन आणि शुगर तेवढी वाढली. शेवटी दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी बूट-मोजे काढायला लावून पावलं पाहिली. कमान खूप उंच, बोटं वाकडी. लहानपणापासून अशीच होती. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाची अशी पावलं आहेत का? माझ्या आत्याची आहेत. जनुकीय तपासणीत शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार निघाला, १ए प्रकार, पीएमपी२२ या जनुकाची जादा प्रत.

माझा एनसीव्हीचा वेगही कमी होता, म्हणून घोटाळा झाला. पण डॉक्टरांनी दाखवलं की माझ्या सगळ्या नसांचा वेग सारखाच कमी होता. सीआयडीपीत हल्ला विखुरलेला असतो, एक नस जास्त बिघडलेली, दुसरी कमी, मध्येच एखादा ब्लॉक. आनुवंशिक आजारात आवरण सगळीकडे जन्मापासूनच तसं असतं. या आजारावर आयव्हीआयजीचा काही उपयोग नाही.

निदान चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. ज्याला गरज आहे त्याला औषध मिळत नाही आणि ज्याला नाही त्याला वर्षभर सलाईनं लागतात. नीट दिलेल्या उपचाराने काहीच मोजता येण्यासारखी सुधारणा झाली नाही, तर निदान पुन्हा तपासा असं तुम्हीच म्हणा.

रानवाट

कोरा_कागद, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यात थोडी भर घालते. आयव्हीआयजीच्या पहिल्याच डोसनंतर निष्कर्ष काढू नये, काहींना दोन-चार डोसांनंतर फरक दिसतो. पण त्यानंतरही नाही, तर शोधण्यासारखी आणखी कारणं आहेत. काही पेशंटांत हल्ला आवरणाच्या दोन तुकड्यांमधल्या खाचेवर असतो. रक्तात न्यूरोफॅसिन-१५५ किंवा काँटॅक्टिन-१ विरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. त्यांना आयव्हीआयजी सहसा नीट लागू पडत नाही, रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा मात्र पुष्कळदा उपयोग होतो. अशांच्या हातांना बऱ्याचदा ठळक कंप असतो. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर हा गट सीआयडीपीतून वेगळाच काढलाय.

दुसरं कारण पोएम्स सिंड्रोम. त्यात बोनमॅरोतल्या पेशींचा बिघाड असतो, आणि एनसीव्ही सीआयडीपीसारखीच दिसू शकते. त्या पेशी बनवतात ते एम प्रोटीन रक्तात आहे का, हे इम्युनोफिक्सेशन नावाच्या तपासणीने पाहतात. पायांवर सूज, त्वचा काळवंडणं, वजन उतरणं हे सोबत असेल तर डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

मृगजळ

नसांच्या ताकदीच्या गोळ्या म्हणून बी१, बी६, बी१२ असलेल्या गोळ्या मिळतात. मी स्वतःच दोन वेगवेगळ्या चालू केल्यात. निदान त्या घ्यायला तरी हरकत नाही ना?

रानवाट

हरकत आहे. बी१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. पण बी६ जास्त काळ जास्त प्रमाणात घेतलं तर तेच नसांना इजा करतं, आणि लक्षणं पुन्हा बधिरपणा आणि तोल जाणं अशीच असतात. म्हणजे मूळ आजार कुठला आणि गोळीने केलेलं नुकसान कुठलं, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बी६ एकूण किती होतंय ते त्यांना बेरीज करून पाहू द्या.

दुसरी_बाजू

माझ्या नवऱ्याला सीआयडीपी आहे. पेशंटसोबत राहणाऱ्यांच्या वतीने लिहिते.

सगळ्यात अवघड गेलं ते आजार न दिसणं. बसलेला असताना तो पूर्ण निरोगी दिसतो. लोक म्हणतात, चेहऱ्यावर तर काहीच नाही. मग उठून दाखवावं लागतं, ते त्याला आवडत नाही. ऑफिसात एका सहकाऱ्याला नीट समजावून सांगितलंय, ती बाकीच्यांना सांगते. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसणं थकवणारं असतं, ते काम दुसऱ्या कुणी घेतलं तर घेऊ द्यावं.

स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना झोप उडाली, चिडचिड वाढली. तो असा नाही, हे औषध आहे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर आमची काही भांडणं टळली असती. म्हणून इथे सांगते. आणि स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. शुगर, बीपी, हाडं, डोळे यांच्या तपासण्या चुकवू नका.

मदत कशी करावी हेही शिकावं लागतं. मी आधी सगळंच करून टाकायचे, बटणंसुद्धा. त्याला ते लागायचं. आता आम्ही सकाळी ठरवतो, आज कुठल्या कामाला त्याची ताकद खर्च करायची आणि कुठलं माझ्याकडे. ज्या दिवशी त्याला मुलीबरोबर खेळायचं असतं, त्या दिवशी बाकी सगळं मी घेते आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

माझा एक प्रश्न आहे. न्यूरोलॉजिस्ट म्हणतायत की दोन वर्षं तब्येत स्थिर आहे, आयव्हीआयजी कमी करून पाहू. मला धडकीच भरली. चांगलं चाललेलं का बिघडवायचं?

तळ्याकाठी

वहिनी, माझंही असंच केलं होतं आणि मलाही हीच भीती वाटली होती. काही जणांचा आजार शांत होतो आणि औषध नुसतं सवयीने चालू राहतं. ते कळायला कमी करून पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नाही, रक्ताची तशी कुठली तपासणी नाही. माझी ताकद परत उतरायला लागली, पण आम्ही मोजमापं ठेवत होतो म्हणून ते लवकर पकडलं, डोस पूर्ववत केला आणि मी परत होतो तिथे आलो. सुरू करण्यापूर्वी एवढं पक्कं करा: कुठला आकडा किती घसरला तर लगेच डोस द्यायचा, आणि तो मिळायला किती दिवस लागतील.

उंबरठा

बरोबर. कमी करण्याच्या काळात मुठीचा जोर आठवड्यातून दोनदा तरी मोजा. चालण्यात फरक दिसण्याआधी काहींचा मुठीत दिसतो.

शेवंती

आईला दाखवलं. तिचं बी१२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. घोट्यांचा प्रतिसाद नव्हता पण गुडघ्यांचा चांगला होता, आणि मांड्यांत जोर आहे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, तोवर चालण्याचे सेकंद लिहितेय. चप्पल पट्ट्याची घेतली.

पिंपळपान

ताई, बाबांना न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. एनसीव्हीत हातांच्या दोन नसांत कंडक्शन ब्लॉक आहे, वेगही बराच कमी. पाठीतलं पाणी परवा काढणार आहेत आणि सीआयडीपीचा संशय पक्का झाला तर आयव्हीआयजी सुरू करू म्हणाले. मधुमेहामुळे स्टिरॉइड शक्यतो टाळायचं असं त्यांचं मत आहे. आयव्हीआयजीच्या आधी काय विचारायचं, काय तयारी करायची?

रानवाट

पिंपळपान, डॉक्टर योग्य दिशेने चाललेत असं वाटतंय.

पहिलं, सगळी रक्तं आयव्हीआयजीच्या आधी द्या. एम प्रोटीन, हेपटायटिस बी आणि सी, आणि डॉक्टरांना हव्या असतील त्या नसांच्या अँटिबॉडी. आयव्हीआयजी हजारो लोकांच्या अँटिबॉडींचं असतं, त्यामुळे नंतर काही महिने रक्तात दात्यांच्या अँटिबॉडी दिसतात. हेपटायटिस बीची एखादी तपासणी पॉझिटिव्ह येते आणि घरात हलकल्लोळ होतो, प्रत्यक्षात आजार नसतो. ईएसआरही (शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आयव्हीआयजीनंतर वाढलेला येतो, त्यावरून कुणी वेगळा आजार शोधायला लागलं तर त्यांना सलाईनची तारीख सांगा.

दुसरं, बाबांना मधुमेह आहे आणि वय ६० च्या वर, म्हणून किडनीचं क्रिएटिनिन पाहिलंय का ते विचारा. पूर्वी कधी हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर आवर्जून सांगा. आयव्हीआयजीने रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका थोडा वाढतो. म्हणून ते सावकाश देतात आणि शरीरात पाणी पुरेसं असणं महत्त्वाचं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर आदल्या दिवसापासून भरपूर प्यायला द्या. काही ब्रँडच्या आयव्हीआयजीत माल्टोज नावाची साखर असते, तिने काही ग्लुकोमीटरवर शुगर खोटी जास्त दिसते. खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. कुठला ब्रँड आहे आणि आपला ग्लुकोमीटर चालेल का, हे नर्सला सलाईन लावण्याआधी विचाराच.

डोकं दुखणं, अंग मोडून येणं, हलका ताप हे पुष्कळांना होतं, वेग कमी केला की कमी होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फार डोकं दुखून मान आखडली, उजेड सहन होईना, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एका पोटरीला सूज आली तर लगेच कळवायचं. औषधाचं नाव आणि बॅच नंबर वहीत उतरवून ठेवा.

आणि सलाईन लागण्याच्या आदल्या दिवशी बाबांची मोजमापं घ्या: १० मीटर चाल, खुर्चीवरून पाच वेळा उठणं, हात डोक्याच्या वर किती वेळ धरता येतो. तीच मोजमापं साधारण तीन आठवड्यांनी परत घ्या. परवा पाणी काढल्यावर डोकं दुखलं तर बाबांना आडवं राहू द्या. उठून बसलं की वाढतं आणि झोपलं की कमी होतं असं असेल, तर डॉक्टरांना फोन करा.